नोंदपत्रकाचे रकाने आणि घरची चूल

रविवार, 12 जानेवारी 2025

गृहविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रासाठी ‘एका कुटुंबातील पारंपरिक पाककृतींची नोंद’ हा प्रकल्प मी घेतला असून त्यासाठी कुटुंब शोधत फिरण्याऐवजी स्वतःचेच घर निवडले आहे. आमचे घर चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आहे. जळगावच्या वसतिगृहातून एसटीने तेथे पोहोचायला दोन तास लागतात, त्यामुळे बहुतेक काम शनिवार-रविवारीच होणार आणि ते हंगामाच्या मागे धावत करावे लागणार. भरीत थंडीतच व्हायला हवे, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चैत्रातल्या उन्हाशिवाय वाळत नाहीत आणि खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आमच्याकडचे मांडे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतात. या तिघांच्या जोडीला कळण्याची भाकरी घेतली आहे, कारण ती बारमाही आहे आणि मधल्या रिकाम्या रविवारी तिची नोंद उरकता येईल असा माझा हिशेब आहे.

विभागाने छापील नोंदपत्रक दिले आहे. त्यात सहा रकाने आहेत: पदार्थाचे नाव, साहित्य (ग्रॅममध्ये), कृती, लागणारा वेळ, किती व्यक्तींसाठी आणि पाककृती देणाऱ्याचे नाव. ‘अंदाजे’, ‘चवीनुसार’ आणि ‘मूठभर’ हे शब्द नोंदपत्रकात येता कामा नयेत, अशी मार्गदर्शक बाईंची सक्त सूचना आहे. मला ती पटलीही आहे, कारण असे शब्द लिहिले की नोंद करणाऱ्याचे काम संपते आणि करून पाहणाऱ्याचे हाल सुरू होतात. सोबत पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा, मोजपात्र, स्वयंपाकाची तापमापी आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या सामू (पीएच) मोजण्याच्या पट्ट्या घेतल्या आहेत. आजीने काटा पाहिला, त्यावर स्वतःची पानाची चंची ठेवून तिचे वजन पाहून घेतले आणि कपाळाला हात लावला.

रविवार, 19 जानेवारी 2025 — भरीत

भरीत खळ्यात झाले. आमच्याकडे भरताला जी वांगी घेतात ती हिरवट-पांढरी, मोठी आणि कमी बियांची असतात. जळगावच्या या भरताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आठ वांग्यांचे वजन 3,150 ग्रॅम भरले. भाजून, साले काढून आणि देठ टाकून 1,980 ग्रॅम गर हाती आला, म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे 63 टक्के.

वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली. या काड्या पटकन पेट घेतात, उंच ज्वाळा देतात आणि तितक्याच लवकर बसतात, त्यामुळे साल झटपट करपते, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि धूर सालीच्या भेगांतून आत शिरतो. भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून लाकडी मुसळीने ठेचतात, मिक्सरमध्ये फिरवत नाहीत. मिक्सरमध्ये गराचे धागे तुटून त्याचा लगदा होतो. भाजलेल्या हिरव्या मिरच्या (140 ग्रॅम) आणि लसूण (90 ग्रॅम) आधी ठेचले, मग वांगी घातली. फोडणीला शेंगदाण्याचे तेल 220 ग्रॅम, त्यात अख्खे शेंगदाणे 150 ग्रॅम, नंतर कांद्याची पात 300 ग्रॅम, कोथिंबीर 80 ग्रॅम आणि मीठ 38 ग्रॅम. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. टोमॅटो घातलेल्या भरताला मोठी आई, म्हणजे माझी मोठी काकू, ‘वांग्याची भाजी’ म्हणते.

साहित्याचा रकाना असा विनासायास भरला. अडचण आली ती ‘लागणारा वेळ’ या रकान्यात. पहिली चार वांगी 11 मिनिटांत भाजली गेली, दुसऱ्या चारांना वारा पडल्यामुळे 17 मिनिटे लागली आणि दोन्हींच्या गरात काहीही फरक नव्हता. आई घड्याळ पाहत नव्हती, ती वांग्याच्या देठाजवळचा भाग काडीने दाबून पाहत होती. वांग्याचे पोट लवकर मऊ होते, देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून तेथे काडी रुतली की वांगे झाले. मी वेळेच्या रकान्यात ‘11 ते 17 मिनिटे’ असे लिहिले आणि खाली कंसात देठाची खूण नोंदवली. हे उत्तर रकान्यात बसते, परंतु त्यातला उपयोगाचा भाग कंसातलाच आहे.

रविवार, 2 फेब्रुवारी 2025 — कळण्याची भाकरी

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेले पीठ. आजीचे प्रमाण असे आहे की पायलीभर ज्वारीला शेरभर उडीद. चार शेरांची एक पायली होते, म्हणजे हे प्रमाण चारास एक आहे. दशमान पद्धतीच्या वजनमापांचा कायदा 1956 मध्ये झाला असला, तरी आमच्या धान्याच्या कोठीत आजही पितळी शेरच आहे, आणि दुकानातून किलोने आणलेले धान्य घरात शेराने मोजून वापरले जाते. आमच्या शेरात ज्वारी 860 ग्रॅम आणि उडीद 900 ग्रॅम बसतात, असे तीन-तीनदा मापून ठरवले. वजनात हे प्रमाण सुमारे 79 आणि 21 टक्के येते.

ज्वारी दादरच हवी, असा घरात आग्रह आहे. दादर ही खान्देशातली रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत धरून ठेवलेल्या ओलीवर येणारी. तिची भाकरी गोडसर लागते. धान्य दळायला पाठवतानाच त्यात खडे मीठ आणि चमचाभर मेथी टाकतात, त्यामुळे पिठाला नंतर काही घालावे लागत नाही. अभ्यासक्रमातून शिकलेली एक गोष्ट येथे मला घरच्या मापात दिसली: ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. दुसरे असे की ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे भाकरी थापताना चिरते, ती उडदाच्या चिकटपणाने सावरते. आजीला यातले दुसरे कारण ठाऊक आहे, पहिले सांगितल्यावर तिने ‘बरं’ एवढेच म्हटले.

2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारीच्या पदार्थांच्या पाककृती सर्वत्र दिसू लागल्या आहेत आणि त्यांपैकी कितीतरी पाककृतींत ज्वारीला मैद्यासारखे वागवण्याचा प्रयत्न असतो. कळण्याची भाकरी मात्र ठेचा, कच्चे तेल आणि कांद्याबरोबर खाताना कोणत्याही धान्याची नक्कल वाटत नाही. हे मत प्रकल्पात जाणार नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

रविवार, 23 फेब्रुवारी 2025

आज काम झाले नाही. कळण्याची दुसरी मोजणी करायची होती, परंतु गिरणीत आमच्या आधी कोणाची तरी हळद दळली गेली होती आणि पीठ पिवळे आले. भाकऱ्या खाल्ल्या, नोंद केली नाही.

रविवार, 6 एप्रिल 2025 — बिबडे, तयारी

ज्वारीच्या बिबड्यांची तयारी आजपासून सुरू झाली. हे काम आठ दिवसांचे असल्यामुळे महाविद्यालयातून आठवड्याची रजा घेऊन घरी राहिले आहे.

दोन पायल्या ज्वारी, वजनाने 6,880 ग्रॅम. भाकरीसाठी दादर आणि बिबड्यांसाठी खरिपाची पांढरी संकरित ज्वारी, ही आमच्या घरातली वाटणी आहे. ज्वारीला पाण्याचा हात लावून तासभर फडक्यात बांधून ठेवली आणि मग गिरणीतून कांडून आणली. आजीच्या उमेदीच्या काळात हे काम उखळात होत असे आणि त्याला बायकांची एक अख्खी दुपार जात असे. कोंडा निघाल्यावर 5,900 ग्रॅम धान्य उरले. ते संध्याकाळी दोन मोठ्या गंजांत भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे आणि रोज सकाळी पाणी बदलायचे.

मंगळवार, 8 एप्रिल 2025

माझ्या हातून एक चूक झाली आणि ती लिहून ठेवणे आवश्यक आहे.

सामूच्या पट्टीवर भिजवणीच्या पाण्याचा आकडा पहिल्या दिवशी 6.5 होता आणि आज सकाळी तो 5 च्या जवळ आला. धान्याला आंबूस वास येऊ लागला होता. मला तो वास धान्य खराब होत असल्याचा वाटला, म्हणून सकाळचे पाणी बदलून झालेले असतानाही मी दुपारी एक गंज रिकामा केला, धान्य चार पाण्यांनी चोळून धुतले आणि ताज्या पाण्यात घातले. आईने संध्याकाळी झाकण उघडताच विचारले, ‘‘आंबट वास कुठे गेला?’’ मी सांगितल्यावर ती रागावली नाही, परंतु आंबलेपण धुऊन टाकले तर बिबडा तळताना फुलत नाही आणि दाताखाली दगडासारखा लागतो, हे तिने मला चांगलेच सुनावले. वास म्हणजे बिघाड, असे मी प्रयोगशाळेतल्या सवयीने गृहीत धरले होते. दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंबद्दल मी परीक्षेत दोन पाने लिहिली आहेत आणि ते माझ्या समोरच्या गंजात काम करीत असताना मी त्यांना मोरीत ओतून दिले.

उपाय म्हणून दोन्ही गंज आणखी एक दिवस ठेवायचे ठरले. धान्य गुरुवारी उपसणार.

शुक्रवार, 11 एप्रिल 2025

गुरुवारी सकाळी उपसण्याआधी दोन्ही गंजांतल्या पाण्याचा सामू साधारण 4.5 होता. धान्य घरातच पसरून सुकवले आणि आज गिरणीतून रवाळ दळून आणले. चाळून झाल्यावर 5,200 ग्रॅम पीठ मिळाले. रविवारच्या कामासाठी मोठ्या आईने गल्लीतल्या दोन काकूंना बोलावून ठेवले आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडच्या कुरडयांना आई गेली होती, त्यामुळे या निमंत्रणात विनंती कमी आणि हिशेब जास्त होता.

रविवार, 13 एप्रिल 2025 — बिबडे

पहाटे साडेचारला चूल पेटली. उन्हाचा कडाका वाढण्याआधी थापणे संपले पाहिजे, नाहीतर थापणाऱ्यांचे हाल होतात आणि पीठही गार होऊन ताठरते.

आधणाचे पाणी पिठाच्या अडीच पट, मापाने. पीठ आठ शेरांपेक्षा थोडे अधिक भरले होते. ते दोन घाण्यांत शिजवले आणि मोजपात्राने पाहता एकूण पाणी सुमारे 20 लिटर लागले. आधणात वाटलेला लसूण 300 ग्रॅम, तिखट 180 ग्रॅम, जिरे 100 ग्रॅम, तीळ 400 ग्रॅम, मीठ 210 ग्रॅम आणि हिंग. पाणी खळखळा उकळू लागल्यावर मोठी आई एका हाताने पीठ सोडत होती आणि आई लांब लाकडी दांड्याने घाटत होती. या कामात गुठळी होऊ न देणे ही खरी कसोटी आहे. दांडा थांबला की गुठळी होते, आणि दांडा तर फिरवणाऱ्याच्या दंडात गोळे येईपर्यंत फिरवावा लागतो. पीठ घट्ट होऊ लागल्यावर झाकण ठेवून चुलीतली लाकडे मागे ओढली आणि निखाऱ्यांवर वाफ आणली.

पीठ शिजल्याची खूण काय, हे मला नोंदवायचे होते. मी तापमापी लावली तेव्हा आतले तापमान 96 अंश होते, परंतु ते 10 मिनिटांपूर्वीही 96 अंशच होते, त्यामुळे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आजी तोपर्यंत ओट्यावर बसून होती. तिने उठून बोटे पाण्यात बुडवली, पिठाचा लिंबाएवढा गोळा घेतला, अंगठ्याने दाबला आणि बोट उचलले. पीठ बोटाला चिकटून आले नाही आणि दाबलेली जागा चकाकत होती. आधी तीच जागा खरखरीत आणि निस्तेज दिसत होती, हा फरक तिने दाखवल्यावर मला दिसला. मी पुन्हा तापमापीकडे हात नेला तेव्हा ती म्हणाली, ‘‘काटा नही, हात सांगस.’’ मी चकाकीचे दोन फोटो काढले आहेत, शिजण्याआधीचा आणि नंतरचा. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातली सर्वांत उपयोगी नोंद या दोन फोटोंची ठरेल.

त्यानंतर बायकांची ओळ बसली. ओल्या कापडाच्या तुकड्यावर एक जण गरम गोळा ठेवते, दुसरी पाण्यात हात बुडवून तो थापत गोल वाढवते, तिसरी कापड उचलून खाटेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर पालथे घालते आणि कापड सोलून घेते. थापताना पिठाचे तापमान 60 अंशांच्या आसपास होते. मी तीन बिबडे थापले, तिन्हींची कड जाड आणि मध्ये छिद्र, आणि तळहात लाल झाले. शेजारच्या काकूंचा हात मिनिटाला चार बिबडे या वेगाने चालतो आणि त्या बोलणे थांबवत नाहीत. मुलांना खाटांजवळ कावळे आणि शेळ्या हाकलायला बसवले होते. त्यांची मजुरी म्हणजे वाटीभर गरम घाटा, वर कच्चे तेल. बिबड्यांपेक्षा हा घाटाच मला लहानपणापासून अधिक आवडतो आणि तो इतर कोणत्याही दिवशी कोणी मुद्दाम करीत नाही.

एकूण 352 बिबडे झाले. थापलेल्या एका बिबड्याचे सरासरी वजन 64 ग्रॅम, व्यास 17 सेंटिमीटर.

‘किती व्यक्तींसाठी’ हा रकाना मी संध्याकाळी आजीपुढे ठेवला. तिने बोटांवर मोजले: पुण्याच्या आत्याला 60, सुरतच्या काकांकडे 60, दोन्ही शेजारणींना 20-20, माझ्या मामाकडे 30, उरलेले घरात, त्यांतले 15 आखाजीला येणाऱ्या लेकींसाठी वेगळे. हे ऐकल्यावर ‘चार व्यक्तींसाठी’ असे लिहिणे मला खोटे वाटू लागले. रकाना तूर्त रिकामा ठेवला आहे.

बुधवार, 16 एप्रिल 2025

तीन उन्हे पूर्ण झाली. वाळलेल्या बिबड्याचे सरासरी वजन 17 ग्रॅम. तळून पाहिले असता व्यास 17 वरून 20 सेंटिमीटरवर गेला. बिबडा उलट्या बाजूने तेलात सोडला तर तो वाटीसारखा वळतो, म्हणून लुगड्याची बाजू वर ठेवून सोडायचा, हे आईने सांगितले. तिने ते सांगितले नसते तर मी विचारलेही नसते, कारण आपल्याला काय ठाऊक नाही हेच अशा वेळी ठाऊक नसते.

धुतलेल्या गंजातले बिबडे वेगळे ठेवले होते. ते किंचित कमी फुलले, परंतु जादा दिवसामुळे बहुतेक सावरले.

बुधवार, 30 एप्रिल 2025 — आखाजी, मांडे

आज अक्षय्य तृतीया. सकाळी नवी घागर भरून तिच्यावर लहान मातीचे भांडे, सांजोऱ्या, आंबा आणि खरबूज ठेवून पूजा झाली. मांडे, आमरस, भात, कढी आणि कुरडया असा पितरांचा नैवेद्य दाखवून निखाऱ्यांवर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने नैवेद्याचा घास, टाकली गेली. ती टाकल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, त्यामुळे माझ्या मोजमापामुळे मांड्यांना उशीर होणे कोणालाच परवडणारे नव्हते. मला मोजायला एकूण तीन मांडे देण्यात आले.

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ आणि गूळ वजनाने समान, प्रत्येकी दोन किलो. गव्हाचे पीठ पातळ कापडातून वस्त्रगाळ केलेले, कारण कोंड्याचा एक कण राहिला तरी ताणताना तेथेच भोक पडते. कणीक सैल भिजवून परातीत आपटून-आपटून मळावी लागते. उचललेला गोळा स्वतःच्या वजनाने लोंबू लागला आणि तरी तुटला नाही की कणीक झाली.

पुरण भरलेला उंडा आधी पोळपाटावर हातभर लाटला आणि मग मोठ्या आईने तो दोन्ही हातांवर घेतला. मांडा तळहातांवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरांपर्यंत जातो, हात फिरत राहतात आणि तो स्वतःच्याच भाराने पसरतो. खापर म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मोठे मातीचे भांडे. मांडा त्याच्यावर टाकताना हात खापराच्या चार बोटे वर येतो आणि क्षणात मागे फिरतो. प्रयोगशाळेतून आणलेल्या, दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने खापराच्या माथ्यावर 240 आणि कडेला 190 अंश दाखवले. मांड्याचा मधला भाग पातळ असतो आणि कड जाड, तरी कड कच्ची राहत नाही, कारण मोठी आई त्याला सतत सरकवत असते. मोजलेल्या तीन मांड्यांचे व्यास 52, 55 आणि 54 सेंटिमीटर. उलटण्यासह प्रत्येकाला अडीच मिनिटांच्या आतबाहेर वेळ लागला.

दुपारी आत्या आणि आजी झोक्याजवळ बसल्या असताना मी शेवटचा रकाना काढला: पाककृती देणाऱ्याचे नाव. मी आजीचे नाव लिहिणार होते. आजीने ते लिहू दिले नाही. मांडे तिला येत नव्हते, ते तिने सासूकडून शिकून घेतले, आणि तिची सासू तापीपलीकडच्या अमळनेर तालुक्यातली. बिबड्यांत तीळ त्या सासूबाईंचे, लसूण मात्र आजीने शिरपूरकडच्या माहेरून आणला आणि त्यावरून तीन वर्षे घरात कुरबूर चालली. तिखट आईने निम्म्यावर आणले, कारण मी लहान असताना मला ते सोसत नसे. भरतातले अख्खे शेंगदाणे मोठ्या आईच्या माहेरचे. आत्या हसून म्हणाली की ती स्वतः पुण्याच्या घरात जे बिबडे करते त्यांत ओवा असतो, कारण तिच्या सासूला ओव्याशिवाय चालत नसे.

ज्याला मी ‘आमच्या घरची पाककृती’ म्हणत होते, तिच्यात या घरात जन्मलेल्या एकाही बाईचा हात नाही, असे हिशेब केल्यावर दिसून आले. ती सासूकडून सुनेकडे आली आणि प्रत्येक सुनेने येताना काहीतरी आणले. या घरात जन्मलेल्या मुली दरवेळी ती घेऊन दुसरीकडे गेल्या आणि तेथे ती बदलली. मी या घरात जन्मलेली आहे, आणि सध्या ती केवळ कागदावर उतरवते आहे.

रकाना एका ओळीचा आहे. मी नोंदपत्रकाला एक वेगळा कागद जोडायचे ठरवले असून त्यावर जिन्नस डावीकडे आणि तो कोणाच्या माहेरून आला ते उजवीकडे लिहिणार आहे. ‘किती व्यक्तींसाठी’ या रिकाम्या रकान्यातही आजीची वाटणी जशीच्या तशी जाईल.

मंगळवार, 6 मे 2025

फोनवरून कळले की काल संध्याकाळी वादळासह वळवाचा पाऊस झाला आणि शेजारच्या काकूंचे गच्चीवरचे अर्धे बिबडे भिजले. भिजलेले बिबडे पुन्हा वाळवले तरी ते काळपट पडतात. आईने आमच्या डब्यातले 40 त्यांना दिले. वाटणीचा कागद त्यानुसार दुरुस्त केला.

रविवार, 11 मे 2025

मार्गदर्शक बाईंनी जोडलेला कागद पाहिला. त्यांचे म्हणणे असे की मूल्यमापन छापील रकान्यांचेच होईल, तेव्हा ते रिकामे किंवा लांबलचक राहू नयेत, मात्र कागद परिशिष्ट म्हणून ठेवण्यास हरकत नाही. तडजोड म्हणून ‘किती व्यक्तींसाठी’ या रकान्यात ‘352 नग, वाटणी परिशिष्टात’ असे लिहिले आहे. देठाची खूण, पिठाची चकाकी आणि लोंबणारी कणीक यांना कृतीच्या रकान्यात, आकड्यांच्या आधी, जागा दिली. त्यावर बाईंनी काही म्हटले नाही. फोटो पाहताना त्यांनी स्वतःच्या घरच्या कुरडयांच्या चिकाबद्दल मात्र बराच वेळ सांगितले.

रविवार, 18 मे 2025

पक्की प्रत घेऊन घरी आले. आजीला वाचता येते, परंतु बारीक अक्षर तिला दिसत नाही, म्हणून मी ओट्यावर बसून सगळे मोठ्याने वाचून दाखवले. भरताच्या वेळी ती काही बोलली नाही. कळण्याच्या नोंदीतले लायसिन तिने पुन्हा एकदा ‘बरं’ म्हणून जाऊ दिले. बिबड्यांची कृती वाचताना तिने मला हाताने थांबवले. टंकलेखन करताना माझ्याकडून मीठ आधणाच्या ओळीतून सुटून पिठाच्या ओळीत गेले होते: ‘पिठात मीठ मिसळून ते उकळत्या पाण्यात सोडावे.’

‘‘मीठ आधनमा पडस, बेटा. पीठमा नही.’’

मी कारण विचारले. पिठात टाकलेले मीठ सगळीकडे सारखे लागत नाही, आणि एखाद्या बिबड्यात ते जास्त राहिले की तो पावसाळ्यात डब्यात आधी सादळतो आणि शेजारच्यांनाही सादळवतो, असे तिने सांगितले. पक्क्या प्रतीवर ती ओळ खोडून पेनने दुरुस्त केली आणि समासात तिचे कारण लिहिले. त्यानंतर तिने चष्मा पुसला आणि भरतापासून पुन्हा एकदा, या वेळी सावकाश वाचायला सांगितले.